विश्लेषण : खाद्य व्यवसायात आपले काम कसे सुधारावे? कमला सोहोनी यांचे आयुष्य काय सांगते?

सोलापूरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर परदेशातही जाते. भवानी पेठेसारख्या वस्त्यांतील घरगुती व्यवसायिकांपुढचा प्रश्न मात्र जुनाच आहे. चव उत्तम असूनही एखादा लॉट खवट का होतो? एका खेपेची भाकरी कुरकुरीत आणि दुसऱ्या खेपेची मऊ का पडते? अशा प्रश्नांवर काम करण्यात एका मराठी शास्त्रज्ञ महिलेने आयुष्य घालवले. दूध, डाळी, वाल, नीरा, गूळ असे रोजच्या खाण्यातले पदार्थ हेच त्यांचे संशोधनाचे विषय होते. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. त्यांच्या आयुष्यातून खाद्य व्यवसायात काम करणाऱ्यांनी काय घ्यावे, याविषयी…

कमला सोहोनी कोण होत्या?

कमला सोहोनी या माहेरच्या कमला भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरमध्ये झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी), दोघांचे शिक्षण झाले होते. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी.

घरात विज्ञानाचे वातावरण असल्याने कमलाबाईंनीही रसायनशास्त्र निवडले. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये त्यांनी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन बीएस्सी केले. गुणवत्ता यादीत त्या पहिल्या आल्या. वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत पुढचे संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवलेच होते. इतके गुण असताना प्रवेशात अडचण येईल, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

बंगळूरला प्रवेश का नाकारला गेला?

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि १९३३ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली होती. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी फेटाळला. गुण कमी होते किंवा जागा नव्हती, असे काही नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

बावीस वर्षांच्या मुलीने नोबेल विजेत्याचा नकार मुकाट्याने स्वीकारला असता, तर त्या काळात कोणाला नवल वाटले नसते. कमलाबाई मात्र थेट बंगळूरला गेल्या. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहांचा होता. प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही, अशी भूमिका त्यांनी रामन यांच्यासमोर घेतली. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक वाटले तरच पुढे मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, गरज पडल्यास रात्रीही काम करावे लागणार होते. शिवाय आपल्या वावरामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होणार नाही, याचीही जबाबदारी त्यांच्यावरच टाकण्यात आली.

या अटी अपमानास्पद होत्या. कमलाबाईंनी त्या मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही रामन यांच्या या वागणुकीबद्दल त्या जाहीरपणे नाराजी बोलून दाखवत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. चोख काम करून दाखवले म्हणून आधीचा अन्याय योग्य ठरत नाही, हे त्यांच्या मनात स्पष्ट होते.

परीक्षेच्या त्या वर्षात त्यांनी काय केले?

कमलाबाईंना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम सुरू केले.

विषयाची ही निवड लक्षात घेण्याजोगी आहे. भारतातील बहुसंख्य लोकांच्या ताटातली प्रथिने डाळ-उसळीतून येतात आणि ऐपतीनुसार दुधातून. तरीही या पदार्थांत नेमके काय आणि किती आहे, याची मोजमापे तेव्हा फार थोडी उपलब्ध होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातील वस्तू प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून तिचे काटेकोर मापन करायचे, ही त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची पद्धत इथेच पक्की झाली.

जैवरसायनशास्त्रात नमुना किती वेळ, किती तापमानात ठेवला यावर निष्कर्ष बदलतो. प्रयोग दुसऱ्यांदा केल्यावर तेच उत्तर आले नाही, तर पहिल्या उत्तराला किंमत उरत नाही. त्यामुळे वजन, वेळ आणि तापमान लिहून ठेवणे आणि प्रयोग पुन्हा करून पाहणे, हाच या कामाचा पाया असतो. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये त्यांनी विशेष प्रावीण्यासह एमएस्सी पूर्ण केले. त्यांचे काम पाहिल्यानंतर संस्थेने महिलांसाठी दार उघडले. एका मुलीच्या वर्षभराच्या कामाने नंतरच्या अनेकींची वाट मोकळी झाली.

केंब्रिजमध्ये बटाट्याने काय शिकवले?

१९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथल्या जैवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांविषयीच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले होते. प्रयोगशाळा भरलेली होती, तिथे बसायला जागा नव्हती. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्याकडचे एक टेबल त्यांना दिवसाच्या कामासाठी देऊ केले आणि कामाला सुरुवात झाली.

पुढे त्या डॉ. रॉबिन हिल यांच्यासोबत काम करू लागल्या. हिल हे वनस्पतींच्या पेशींवरील संशोधनासाठी प्रसिद्ध होते. कमलाबाईंनी बटाटा हाताशी घेतला. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या प्रक्रियेत सायटोक्रोम सी हे प्रथिन महत्त्वाचे काम करते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते आणि तिथल्या ऑक्सिडीकरणात भाग घेते, हे त्यांच्या बटाट्यावरील कामातून पुढे आले.

स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर शेतातून काढलेला बटाटा, कांदा किंवा भाजी मेलेली वस्तू नसते. तिच्या पेशी श्वास घेत असतात, साठलेली साखर वापरत असतात, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकत असतात. म्हणूनच बंद पोत्यात भाजीला घाम येतो आणि ती लवकर सडते. हवेशीर, थंड जागी ती जास्त टिकते. माल साठवणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने माहीत असलेल्या या गोष्टीमागे पेशींची हीच रसायने आहेत.

या संशोधनावर कमलाबाईंनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तो टंकलिखित अवघ्या ४० पानांचा होता आणि सारे काम साधारण १४ महिन्यांत झाले. १९३९ मध्ये त्यांना पदवी मिळाली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. सांगायचे ते नेमके असेल तर पानांची संख्या आड येत नाही, हे त्या प्रबंधाने दाखवले.

भारतात परतण्याचा निर्णय का?

परदेशात राहून संशोधन करण्याची वाट त्यांच्यासाठी खुली होती. तरीही १९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जैवरसायनशास्त्र विभागाची प्रमुखपदाची जबाबदारी घेतली. तिथे संशोधनाला वाव कमी होता. त्यानंतर त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. भारतीय आहारात काय कमी पडते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी ही देशातील प्रमुख संस्था. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरमध्ये कमलाबाईंनी जीवनसत्त्वांवर काम केले.

१९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. विमा क्षेत्रातील गणिती अर्थात ॲक्च्युअरी हा सोहोनी यांचा पेशा होता. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये (आजची विज्ञान संस्था) तेव्हा जैवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. कमलाबाई तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भरीव काम याच विभागात, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन झाले.

वालाच्या उसळीवर त्यांचे संशोधन काय सांगते?

आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर पाझरते. खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करून ती पचवण्याचे काम ते करते. अनेक कडधान्यांत मात्र या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. वनस्पतीच्या दृष्टीने ते तिचे संरक्षण असते, पण खाणाऱ्यासाठी तो अडथळा ठरतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कडधान्यातील प्रथिने त्यामुळे पुरेशी अंगी लागत नाहीत.

१९५० च्या दशकात कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील या घटकांचा अभ्यास केला. वाल आणि डबल बी यांसारख्या शेंगवर्गीय धान्यांतून ते वेगळे काढण्यापर्यंत हे काम गेले.

या ज्ञानाचा उपयोग आजही रोजचा आहे. हे अडथळा आणणारे घटक बहुतांशी उष्णतेने निष्प्रभ होतात. भिजवणे आणि मोड आणणे यांनी मदत होते, पण व्यवस्थित शिजवण्याला पर्याय नाही. खाणावळीत सकाळच्या गर्दीत गॅस वाचवण्यासाठी उसळ दाताला कचकचीत लागेल अशी उतरवली, तर ग्राहकाच्या पोटदुखीचे कारण तिथेच तयार होते. दाणा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे, ही आजीची कसोटी शास्त्रालाही मान्य आहे.

नीरेचा अभ्यास इतका महत्त्वाचा का ठरला?

शिंदी आणि ताड यांच्या रसाशी सोलापूरचे नाते वेगळेच आहे. मे १९३० मध्ये शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून शहरात मोठा उठाव झाला आणि ब्रिटिशांनी मार्शल लॉ लावला. त्या वेळी शिंदीकडे दारूचे झाड म्हणून पाहिले जात होते. स्वातंत्र्यानंतर त्याच रसाकडे अन्न म्हणून पाहता येईल का, असा प्रश्न पुढे आला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर संशोधन हाती घेतले.

झाडातून पाझरणारा ताजा रस म्हणजे नीरा. ती गोड असते, तिच्यात मद्य नसते. पण हवेतील यीस्ट तिच्यातील साखरेवर लगेच काम सुरू करते. ऊन चढले की आंबण्याचा वेग वाढतो आणि काही तासांत नीरेची ताडी होते. म्हणून ती रात्रभर गोळा करून सूर्योदयापूर्वी उतरवतात. मडक्याला आतून चुना लावण्याची जुनी पद्धतही त्यासाठीच. चुन्यामुळे रस अल्कधर्मी राहतो आणि आंबणे लांबते.

नीरेत लोह आणि जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात असतात, असे कमलाबाईंच्या संशोधनात दिसले. नीरा आटवून केलेल्या गुळातही त्यांतील बरेच घटक टिकतात, हेही आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर महिला यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरेची गोष्ट प्रत्येक नाशवंत पदार्थाला लागू पडते. कच्चा माल एकच, पण वेळ आणि तापमान यांवर तो पौष्टिक पेय होणार की ताडी, हे ठरते. उसाचा रस, इडलीचे पीठ, ताक, दही, पनीर, कापलेली फळे या साऱ्यांत हाच नियम चालतो. इथे कारागिराचे कौशल्य हाताइतकेच घड्याळातही असते.

आरेच्या दुधात त्यांचा वाटा काय?

मुंबईतील गोठे शहराबाहेर हलवून स्वच्छ दूध पुरवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. दूध हजारो घरांत पोहोचेपर्यंत नासू नये, हे मोठे आव्हान होते. कमलाबाईंनी या प्रकल्पाला गुणवत्ता सुधारण्यासाठी सल्ला दिला आणि दूध फाटू नये यासाठीची कार्यपद्धती घालून देण्यास मदत केली.

दूध नासते ते जिवाणूंमुळे. ते दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लता वाढली की प्रथिनांच्या गुठळ्या होतात, म्हणजेच दूध फाटते. त्यामुळे उपाय शेवटच्या टप्प्यावर करून भागत नाही. कासेची स्वच्छता, भांड्यांची धुलाई, दूध काढल्यावर किती वेळात थंड केले, पाश्चरीकरणात ठरलेले तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत राखले का आणि त्यानंतर पुन्हा लगेच थंड केले का, अशी ही साखळी असते. यातली एक कडी ढिली पडली की बाकीची मेहनत वाया जाते.

प्रयोगशाळेतील तज्ज्ञ आणि डेअरीतील कामगार यांच्यातला दुवा म्हणजे अशी लेखी कार्यपद्धती. चांगला कामगार सुट्टीवर गेला तरी दूध चांगलेच राहिले पाहिजे, हा तिचा उद्देश असतो. एका हुशार माणसाच्या अंदाजावर मोठा प्रकल्प चालत नाही. तसेच चार माणसांचे घरगुती युनिटही फार काळ चालत नाही.

इतके काम करूनही पद मिळायला उशीर का झाला?

मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी कमलाबाईंचा हक्क स्पष्ट होता. तरीही अंतर्गत राजकारणामुळे त्यांना सुमारे चार वर्षे डावलले गेले. नंतर त्या संचालक झाल्या आणि एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी एक महिला आल्याचे कौतुकही झाले.

कामाचा दर्जा सुधारला की बढती, मोबदला आणि मान आपोआप मिळतात, असे सांगण्याची आज पद्धत आहे. कमलाबाईंचे आयुष्य तसे सांगत नाही. खाद्य उद्योगात निवडणे, कुटणे, लाटणे, भरणे ही बरीचशी कामे महिला करतात, पण सुपरवायझर किंवा मालक म्हणून त्या कमी दिसतात. तिथे कामगाराची कार्यक्षमता जशी तपासावी, तशी कामाची दखल घेणारी व्यवस्थाही तपासली पाहिजे.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या बाजूने कशा उभ्या राहिल्या?

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना सुरू केली. कमलाबाई या संघटनेत सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये त्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. भारतात ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर.

केंब्रिजची पदवी घेतलेली शास्त्रज्ञ हळद, मिरची, तेल आणि दुधाच्या भेसळीकडे वळली, यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मराठीत मुलांसाठी विज्ञानाविषयीही त्यांनी लिहिले. संशोधनाचा शेवट ग्राहकाच्या ताटात होतो, ही त्यांची दृष्टी होती.

भवानी पेठेतल्या चटणीवाल्यांनी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट कच्च्या मालाची. शेंगदाणा ओलसर राहिला तर त्यावर बुरशी येते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे सुरकुतलेले, काळपट आणि बुरशी आलेले दाणे भाजण्यापूर्वीच निवडून काढणे हा एकमेव भरवशाचा मार्ग. स्वस्तात मिळालेले दाणे निवडताना किती वाया गेले, याचे वजन करून पाहिले की ते खरोखर स्वस्त होते का, हे कळते.

दुसरी गोष्ट चटणी खवट होण्याची. कुटताना दाण्याचे तेल सुटते, तीच सोलापुरी चटणीची खासियत. पण हवा, उजेड आणि उष्णता यांच्या संपर्कात हेच तेल खराब होते. दाणे पूर्ण गार होण्याआधी कुटून पाकिटात भरले तर आत वाफ धरते. लसणाचा ओलावाही त्यात भर घालतो. म्हणून भाजण्याचा वेळ, गार होण्याचा वेळ, लसणाचे वजन आणि पाकीट बंद केल्याची तारीख प्रत्येक लॉटसाठी लिहावी. वहीत चार रकाने आखले तरी पुरे.

तिसरी गोष्ट एका वेळी एकच बदल करण्याची. चटणी लवकर खराब होते म्हणून पाकीट, तिखट आणि भाजणी एकदम बदलली, तर फरक कशाने पडला ते कधीच समजत नाही. बाकी सारे तेच ठेवून फक्त पाकीट बदलावे. दोन्हींतील चार-चार पाकिटे बाजूला ठेवून दर आठवड्याला एकेक उघडावे. वास, चव आणि रंग यांची नोंद करावी. महिन्याभरात मिळणारे उत्तर कोणत्याही सल्लागाराच्या अंदाजापेक्षा पक्के असते.

चौथी गोष्ट कडक भाकरीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण चांगल्या ज्वारीची भाकरीही ओलावा राहिला तर मऊ पडते आणि तिला बुरशी लागते. एकाच वजनाचा गोळा, एकसारखी जाडी आणि मध्यभागही पूर्ण वाळेपर्यंत मंद आच, ही तीन पथ्ये पाळावीत. पॅकिंगपूर्वी प्रत्येक खेपेतील एखादी भाकरी मधोमध मोडून पाहावी. मोडताना कट असा आवाज आला नाही, तर ती खेप पुन्हा आचेवर घ्यावी.

पाचवी गोष्ट विकत घेतलेल्या मसाल्याची. तिखटाची चिमूट ग्लासभर पाण्यावर टाकल्यावर रंगाच्या धारा खाली उतरू लागल्या, तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. विटेची भुकटी असेल तर तळाशी खरखरीत गाळ बसतो. दुधात पिठूळ पदार्थ मिसळला असेल तर आयोडीनचे थेंब टाकल्यावर निळसर रंग येतो. या चाचण्या अंतिम नसतात. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत तपासावा किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. अन्न सुरक्षा कायद्यानुसार छोट्या, घरगुती व्यावसायिकांनाही नोंदणी करावी लागते, हेही विसरू नये.

यातील मुख्य सूत्र कोणते?

कमलाबाईंना पहिल्या वर्षी दुसऱ्याने परीक्षेला बसवले. त्यानंतर त्यांनी आपल्या कामाची परीक्षा स्वतःच घेण्याची सवय आयुष्यभर सोडली नाही. खाद्य व्यवसायात ही परीक्षा घेणारे अनेक असतात. ग्राहक घेतो, दुकानदार घेतो, निरीक्षक घेतो. पण त्यांच्या हाती दोष लागतो, तोवर माल विकला गेलेला असतो आणि कधीकधी कोणाची तब्येतही बिघडलेली असते. दोष आपल्याच वहीत आधी सापडला, तर नुकसान एका लॉटपुरते मर्यादित राहते.

डॉ. कमला सोहोनी यांचे १९९८ मध्ये निधन झाले. त्यांचे काम बराच काळ विस्मृतीत गेले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि काही काळातच त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने डूडल प्रसिद्ध केले, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. उसळ नीट शिजवताना, दूध वेळेत थंड करताना किंवा चटणीच्या पाकिटावर तारीख लिहिताना आपण त्यांनी अभ्यासलेल्या नियमांनुसारच वागत असतो.